रिकाम्या गाडीच्या फेऱ्या

जर्मनीतल्या श्टुटगार्ट विमानतळावर ‘पी-६’ नावाचं बहुमजली वाहनतळ आहे. मर्सिडीजच्या ठरावीक मॉडेलची गाडी असेल, तर तिथे पोहोचल्यावर सामान काढायचं, उतरायचं, मोबाइलच्या ॲपवर बोट टेकवायचं आणि विमान गाठायचं. गाडी एकटीच रॅम्पवरून जाते, नेमून दिलेल्या जागी उभी राहते आणि बोलावलं की परत येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये जर्मनीच्या वाहन प्राधिकरणानं मर्सिडीज आणि बॉश यांच्या या यंत्रणेला व्यावसायिक वापराची मान्यता दिली. आत माणूस नसताना गाडी पार्क होऊ देणारी, व्यावसायिक वापरासाठीची ही जगातली पहिली मान्यता. इथली बरीचशी हुशारी इमारतीत आहे. वाट मोकळी आहे का, हे वाहनतळात बसवलेले सेन्सर पाहतात आणि गाडीला कुठून कसं जायचं ते कळवतात. कुणी आडवं आलं की गाडी थांबते.

यातून जागा किती वाचेल, याचा हिशेब टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडला. आज प्रत्येक गाडीला कधीही बाहेर पडता यावं म्हणून तिच्यासमोर रिकामी वाट सोडावी लागते, शिवाय दार उघडण्यापुरती जागा बाजूला. स्वयंचलित गाडीतला माणूस आधीच उतरलेला असतो, त्यामुळे दाराचा प्रश्नच नाही. शिवाय गाड्या एकीमागे एक, अनेक रांगांत खेटून लावता येतात, कारण मधली गाडी काढायची तर पुढच्या गाड्या स्वतःच सरकतील. रांगा वाढवल्या तर जागा वाचते, पण सरकवासरकवही वाढते. दोन्हींचा मेळ घातल्यावर पार्किंगला लागणारी जागा सरासरी ६२ टक्क्यांनी कमी होऊ शकते, असं त्यांचं गणित सांगतं. अमेरिकी शहरांच्या मध्यवस्तीतली मोक्याची जमीन पार्किंगखाली किती गेली आहे ते पाहिलं, तर हा आकडा कुणालाही हुरळवून टाकील.

पण हे सारं गणित एक गोष्ट धरून चालतं. ती म्हणजे, गाडी पार्क होणार.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतले तेव्हाचे प्राध्यापक ॲडम मिलार्ड-बॉल यांनी २०१९ च्या शोधनिबंधात नेमकं इथेच बोट ठेवलं. मालकाला ऑफिसच्या दारात सोडल्यावर गाडीपुढे काही पर्याय असतात. जवळ पैसे भरून थांबायचं, लांबच्या फुकट जागी जायचं, घरी परतायचं, किंवा मालक बाहेर येईपर्यंत रस्त्यावर फिरत राहायचं. मध्यवस्तीत पार्किंग महाग असतं. विजेवर चालणाऱ्या गाडीला फिरत राहण्याचा खर्च मात्र तासाला सुमारे ५० सेंट. सगळ्यात चिंतेची गोष्ट पुढे आहे. या गाडीला कुठेच पोहोचायचं नसतं. जितकी हळू जाईल तितका खर्च कमी, म्हणून तुंबलेला रस्ता तिच्या सोयीचा ठरतो. सॅनफ्रान्सिस्कोच्या मध्यवस्तीत अशा अवघ्या २,००० गाड्या फिरू लागल्या, तर वाहतुकीचा वेग ताशी २ मैलांच्याही खाली जाईल, असं त्यांच्या संगणकीय प्रारूपात दिसलं. पायी चालणारा माणूस याहून वेगानं जातो. त्याच रस्त्यावर बस अडकलेली असेल आणि रुग्णवाहिकाही.

याचं मूळ रस्त्याचा मोबदला आपण कसा घेतो यात आहे. पार्किंगचे अर्थतज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या पुस्तकात आग्रहानं सांगितलं होतं, की रस्त्याकडेच्या जागेचा दर असा ठेवा की दोन चौकांमधल्या प्रत्येक टप्प्यात एखाददुसरी जागा रिकामी राहील. मग जागा शोधत घिरट्या घालणं थांबेल. सॅनफ्रान्सिस्कोनं २०११ पासून मागणीनुसार बदलणारे दर लावून पाहिले. माणूस चालवत असलेल्या गाडीसाठी हा उपाय मला आजही योग्य वाटतो. पण पार्किंगचा मीटर फक्त उभ्या गाडीचे पैसे घेतो. दर वाढवला की स्वयंचलित गाडी चाक फिरवून मीटरच्या कक्षेबाहेर जाते. प्रवेशशुल्कही इथे पुरं पडत नाही. न्यूयॉर्कनं जानेवारी २०२५ मध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण भागासाठी गर्दीच्या वेळी ९ डॉलर शुल्क सुरू केलं; खासगी गाडीला ते दिवसातून एकदाच लागतं. एकदा भरलं की दिवसभर रिकामं फिरायला मोकळीक.

म्हणून मिलार्ड-बॉल यांनी सुचवलेला मार्ग मला पटतो. उभी असो की चालती, सार्वजनिक रस्ता जितका वेळ अडवला तितक्या वेळाचे पैसे. आणि कापलेल्या अंतराचे किंवा खर्चलेल्या ऊर्जेचे वेगळे.

हे आजच ठरवायला हवं, कारण गाड्या आलेल्या आहेत. सॅनफ्रान्सिस्कोत वेमोच्या चालकविरहित टॅक्सी रोज भाडी मारतात. २०२४ या एका वर्षात त्यांना तिथे पार्किंगचे ५८९ दंड झाले. रस्ते झाडण्याच्या वेळी उभं राहणं, वाहतूक अडवणं, मनाई असलेल्या जागी थांबणं, अशी कारणं होती. त्याच वर्षी कंपनीनं भाड्यानं घेतलेल्या एका मोकळ्या जागेत या टॅक्सी पहाटे चारच्या सुमाराला एकमेकींना हॉर्न देऊ लागल्या आणि आजूबाजूच्या इमारतींतल्या लोकांची झोपमोड झाली. रिव्हर्स घेत फार जवळ येणाऱ्या गाडीला सावध करण्यासाठी दिलेली ही सोय होती. शेजारी सगळ्या त्यांच्याच जातीच्या गाड्या असतील, हा विचार ती बनवताना झाला नव्हता. नंतर सॉफ्टवेअर सुधारलं गेलं.

हे प्रश्न सॉफ्टवेअरनं सुटतात, रिकाम्या फेऱ्यांचा सुटणार नाही. तिथे गाडी नियम मोडतच नाही. कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदा करून चालकविरहित गाडीच्या वाहतूक उल्लंघनाची नोटीस पोलिसांना थेट कंपनीला देता येईल अशी तरतूद केली; ती लागू होण्याची तारीख जुलै २०२६. नियमभंगाला जाब विचारायची सोय झाली. आता कंपन्यांकडून रिकाम्या मैलांचा हिशेब मागून त्यावर दर लावायला हवा. आज ताफे मोजक्या कंपन्यांच्या हातात आहेत आणि प्रत्येक गाडीच्या हालचालीची नोंद त्यांच्याकडे असते. हीच गाडी घरोघरी पोहोचली, की प्रत्येक मालक फुकट फेऱ्यांना आपला हक्क मानू लागेल, आणि तो दर लावायला कुठलाही लोकप्रतिनिधी धजावणार नाही.