एकरी ३२ क्विंटलपर्यंतच गावाचे नाव! इटलीची वाईन समजून घेताना

वाईनच्या बाटलीवर ‘बारोलो’ लिहिलेले दिसले, तर ते कंपनीचे नाव नाही आणि द्राक्षाच्या जातीचेही नाही. ते इटलीतल्या एका गावाचे नाव आहे. आपल्याकडे व्यापारी बागेत आला की आधी जात विचारतो. थॉमसन, सोनाका, शरद. इटलीत बऱ्याच ठिकाणी आधी गाव विचारतात, जात त्यानंतर.

इटलीत २० प्रांत आहेत आणि विसाही प्रांतांत वाईन होते. त्यात वायव्येकडच्या पिएमोन्ते प्रांताचा मान मोठा. बारोलो तिथलेच. या गावाच्या आसपासच्या ११ गावांच्या हद्दीत नेब्बिओलो नावाची काळी द्राक्षे होतात. नेब्बिया म्हणजे धुके. त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. द्राक्ष उशिरा, ऑक्टोबरात पिकते. वाईन इतकी तुरट की जीभ आवळते, म्हणून किमान ३८ महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही. त्यातले १८ महिने लाकडी पिंपात.

आता खरी गोष्ट उताऱ्याची. बारोलोसाठी हेक्टरी ८ टनांची मर्यादा आहे, म्हणजे एकरी साधारण ३२ क्विंटल. आपल्याकडे खायच्या द्राक्षाचा एकरी दहा-बारा टन माल काढणाऱ्याला हे ऐकून हसू येईल. पण मर्यादेबाहेरच्या मालाला तिथे बारोलो नाव लावता येत नाही. म्हणून शेतकरी हिरवे घड स्वतःच्या हाताने कापून टाकतो. मण्यांची फुगवणही नको असते. वाईनला बारीक मणी, जाड साल आणि बी असलेले द्राक्ष लागते, कारण रंग आणि तुरटपणा सालीत-बियांत असतो. छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत पानगळ झाल्यावर. आपली एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी तिकडे नाही.

मध्य इटलीतल्या तोस्काना प्रांतात फ्लोरेन्स ते सिएना या शहरांमध्ये कियांतीचे डोंगर आहेत. इथले द्राक्ष सांजोवेझे. इथल्या राजाने कियांतीची हद्द १७१६ सालीच हुकूम काढून ठरवली होती. सरकारी नियम कधी चुकतातही. १९६७ च्या नियमाने कियांतीत पांढरी द्राक्षे मिसळणे सक्तीचे केले. १९७१ साली फ्लोरेन्सच्या अँतिनोरी घराण्याने नियमाबाहेर जाऊन ‘तिन्यानेल्लो’ वाईन काढली. कागदोपत्री ती साधी टेबल वाईन, पण भाव कियांतीपेक्षा जास्त! पुढे नियमच बदलावा लागला.

ईशान्येकडच्या व्हेनेतोत आमारोने नावाची वाईन करतात. तिची रीत वाचून तासगावचा बेदाणा शेड आठवेल. काढलेले घड हवेशीर माळ्यावर तीन-चार महिने सुकवतात, वजन तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त घटते आणि मग गाळप होते. बेदाण्याइतके मात्र सुकू देत नाहीत.

त्याच भागात फसफसणारी प्रोसेक्को होते. प्रोसेक्को हे आधी द्राक्षाचेही नाव होते. जात तर कुठेही लावता येते, मग नाव कोणीही वापरणार. म्हणून २००९ साली द्राक्षाचे नाव ‘ग्लेरा’ केले आणि प्रोसेक्को हे नाव ठरलेल्या मुलखापुरते राखून ठेवले.

एवढी कडक शिस्त १९६३ च्या कायद्याने सुरू झाली. तरीही १९८६ साली घात झालाच. काही व्यापाऱ्यांनी स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळले, वीसहून जास्त माणसे दगावली आणि इटलीची निर्यात कोसळली. ज्यांनी काही केले नव्हते, त्या शेतकऱ्यांनाही फटका बसला. त्यानंतर तपासणी वाढली आणि ढिगाने माल काढण्यापेक्षा कमी आणि चांगला काढण्याकडे ओढा वाढला.

आपल्याकडे ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूज भागात फ्रातेल्ली या कंपनीच्या बागांत सांजोवेझे लावलेली आहे. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. भारतीय कुटुंबांबरोबर इटलीतले भाऊही या धंद्यात उतरले, त्यावरून हे नाव. जात तीच असली तरी या वाईनला कियांती म्हणता येत नाही. तिथल्या नियमाने ते नाव तोस्कानातल्या ठरलेल्या हद्दीतल्या मालालाच आहे.