माकडाच्या हाती कीबोर्ड

माकडाच्या हाती कोलीत देऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. १९८३ साली ॲपलमधल्या स्टीव्ह कॅप्सनं ते मुद्दाम दिलं. कंपनीचा मॅकिन्टॉश संगणक, म्हणजेच मॅक, तेव्हा बाजारात यायचा होता. त्याची सगळी मेमरी होती १२८ किलोबाइट. आज मोबाइलनं काढलेला एक फोटोसुद्धा तेवढ्यात मावत नाही. लिहिण्याचा मॅकराइट किंवा चित्रं काढायचा मॅकपेंट हा प्रोग्रॅम उघडला की ती जवळजवळ भरून जायची, आणि अशा वेळी कुठे काय कोसळेल हे माणसानं बसून तपासायचं म्हणजे महाकठीण काम.

नवख्यांना मॅकची ओळख करून देणाऱ्या फेरीसाठी मशीनमध्ये एक सोय आधीच केलेली होती. माउस आणि कीबोर्डच्या हालचाली नोंदवून ठेवायच्या आणि नंतर हुबेहूब घडवून आणायच्या. कॅप्सनं त्याच वाटेनं वाटेल त्या हालचाली आत सोडल्या आणि प्रोग्रॅमला नाव दिलं ‘मंकी’. मेन्यू खाली येतायत, अक्षरं उमटतायत, रेघा ओढल्या जातायत, आणि कीबोर्डवर कोणाचाच हात नाही!

सुरुवातीला हे माकड थोड्याच वेळात मशीन आडवं करायचं. चुका निस्तरत गेल्या तसतसं ते जास्त वेळ नाचू लागलं. मग निराळीच पंचाईत झाली: नाचता नाचता ते ‘क्विट’वर पोचायचं आणि खेळ खलास. कॅप्सचा सहकारी बिल ॲटकिन्सननं तोड काढली. मेमरीत एक खूण ठेवायची, ‘मंकीलिव्ह्ज’, म्हणजे माकड जिवंत आहे. ती दिसली की प्रोग्रॅमनं क्विट मनावर घ्यायचं नाही.

मुळात मशीन फसतं कसं? तर बोट काय आणि माकड काय, आत पोचतात ते आकडेच. उदाहरणार्थ, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘ए’च्या बटणाचा आकडा ३०. दाबलं की त्याच्यासोबत १ येतो, सोडलं की ०, आणि दाबून धरलं तर २. डावीकडच्या शिफ्टचा आकडा ४२. म्हणजे एक कॅपिटल ‘ए’ काढायला चार घटना लागतात: शिफ्ट खाली, ए खाली, ए वर, शिफ्ट वर. चाचणी मधेच बंद पडली आणि ती चौथी घटना राहून गेली, तर शिफ्ट दाबलेलीच राहते आणि पुढचं सगळं कॅपिटलमध्ये उमटू शकतं. ‘यूइनपुट’ नावाच्या सोयीनं तर प्रोग्रॅमला अस्तित्वातच नसलेला कीबोर्ड उभा करता येतो, आणि लिनक्स त्याला खऱ्यासारखंच वागवतं.

अशा आंधळ्या बडवण्यातून केवढं बाहेर येतं! विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बार्टन मिलर यांच्या चमूनं २००० साली विंडोज एनटीवरचे तीसहून जास्त प्रोग्रॅम असेच तपासले. कीबोर्ड-माउसच्या अगदी वैध, पण वाटेल तशा घटनांनी २१ टक्के प्रोग्रॅम कोसळले आणि आणखी २४ टक्के थिजले.

पण माकडाला कोसळणं दाखवता येतं, चुकीचं अक्षर नाही. त्यासाठी चाचणी लिहिणाऱ्याला ती लिपी माहीत असावी लागते, आणि मला खरा थरार वाटतो तो इथे. इन्स्क्रिप्ट या देवनागरीच्या कीबोर्ड-मांडणीत ‘क्षि’ काढायचं तर के दाबून क, डी दाबून पायमोड, शिफ्टसह स्वल्पविराम दाबून ष, आणि एफ दाबून वेलांटी. वेलांटी शेवटी दाबायची, तरी पडद्यावर ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसते. डोळ्याला एक अक्षर, मेमरीत चार चिन्हं. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये बाणाचं बटण एकदा दाबलं की कर्सर अख्खं अक्षर ओलांडतो. बॅकस्पेस मात्र एकेक चिन्ह खातो. त्यामुळे ‘एक बॅकस्पेस, एक अक्षर गेलं’ असं इंग्रजीच्या सवयीनं गृहीत धरलेली चाचणी इथे बिनचूक प्रोग्रॅमलाही नापास करेल.

मराठी जाणणाऱ्यानं लिहिलेली चाचणी प्रत्येक पायरीला थांबून बघते. पहिला बॅकस्पेस: क्ष. दुसरा: पायमोडका क्. तिसरा: क. चौथ्याला पान कोरं, आणि कर्सर पुन्हा ओळीच्या सुरुवातीला लुकलुकतोय.