बॉनेटखालचे बिनभाड्याचे भाडेकरू

गणरायाचे वाहन असा मान मिरवणाऱ्या मूषकाने आता शहरवासीयांच्या वाहनांकडे मोर्चा वळवला आहे. सकाळी कार्यालयाला निघण्याच्या घाईत किल्ली फिरवावी आणि गाडीने दादच देऊ नये, डॅशबोर्डवर एकाच वेळी तीन-चार दिवे लुकलुकावेत किंवा वातानुकूलन यंत्र सुरू करताच कुबट दर्प नाकात शिरावा, हा अनुभव मुंबई, ठाणे, पुण्यातील वाहनधारकांना नवा राहिलेला नाही. बॉनेट उघडल्यावर कुरतडलेल्या वायरी, लेंड्या आणि चिंध्यांचा ढीग दिसतो. दोषी कोण, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर सुरू होतो उपायांचा शोध. कोणी इंजिनाजवळ तंबाखूची पुरचुंडी बांधतो, कोणी डांबरगोळ्या टाकतो, कोणी कानाला ऐकू न येणारा आवाज काढणारे यंत्र बसवून घेतो. आठ-दहा दिवस शांततेत जातात, उपाय लागू पडल्याचे समाधान मिळते आणि एका सकाळी पुन्हा तोच प्रकार! असे का घडते, याचे उत्तर उंदराच्या स्वभावात दडलेले आहे. तो स्वभाव समजून घेतला, तर महागड्या उपायांपेक्षा साध्या सवयीच अधिक उपयोगी का ठरतात, हेही उलगडते.

गाडीच का?

उंदराला तीन गोष्टी हव्या असतात : अन्न, आडोसा आणि निवांतपणा. रात्री घरी परतलेल्या गाडीचे इंजिन काही तास उबदार राहते. बॉनेटखाली अंधार असतो, मांजर वा घुबडाची भीती नसते. पावसाळ्यात बिळात पाणी शिरले की जमिनीखालचे उंदीर कोरड्या, उंच जागेच्या शोधात बाहेर पडतात आणि गाडी त्यांना आयतीच सापडते. टायरवरून चढून चाकाच्या कमानीतून आत शिरणे त्यांच्या डाव्या पायाचा मळ. घरातल्या लहान उंदराला साधारण ६ मिलिमीटरची, तर मोठ्या उंदराला १२ मिलिमीटरची फट पुरते. गाडीच्या खालच्या बाजूस अशा फटी कितीतरी असतात.

शहरांत प्रामुख्याने काळा उंदीर, तपकिरी उंदीर, घूस आणि घरातला छोटा उंदीर आढळतो. काळा उंदीर चढण्यात वाकबगार, तर घूस बिळे पोखरण्यात. चिचुंद्रीलाही अनेकदा याच पंक्तीत बसवले जाते. ती मात्र कृंतक प्राण्यांच्या कुळातली नव्हे, किडे खाणारी आहे. वायरी कुरतडल्याचा आळ तिच्यावर घेणे अन्यायाचे ठरेल.

कृंतकांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. मोठ्या उंदराचे दात वर्षाकाठी १० सेंटिमीटरहून अधिक वाढतात. दाताच्या पुढच्या बाजूस कठीण आवरण असते, मागची बाजू तुलनेने मऊ. मागची बाजू लवकर झिजत असल्याने छिन्नीप्रमाणे धार कायम राहते. दात एकमेकांवर घासणे आणि दिसेल ते कुरतडून पाहणे हा त्यांचा दिनक्रमच असतो. वायर, रबरी नळी, बॉनेटच्या आतला नमदा हे सारे त्यांच्या लेखी एक तर वाटेतला अडथळा असते किंवा घरट्याचे साहित्य.

सोयाबीनचा वाद

अलीकडे वायरींच्या आवरणात सोयाबीनपासून बनवलेले घटक वापरले जातात आणि त्याच्या वासाने उंदीर येतात, असे अनेकदा सांगितले जाते. याच मुद्द्यावर २०१६ मध्ये अमेरिकेत वाहन उत्पादकांविरुद्ध ग्राहकांनी न्यायालयात दावेही दाखल केले. तथापि, सोयाबीनचा वापर सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून उंदीर वायरी कुरतडत आले आहेत. घरातील विजेच्या वायरी, दूरध्वनीच्या तारा, शिशाचे नळसुद्धा त्यांनी सोडलेले नाहीत. त्यामुळे सारा दोष आवरणाच्या माथी मारून मोकळे होणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही.

बदलली आहे ती गाडी. पद्मिनी वा ॲम्बेसेडरच्या काळात बॉनेटखाली मोजक्या वायरी असत. एखादी तुटली तर कोपऱ्यावरचा कारागीर चिकटपट्टी लावून गाडी मार्गी लावत असे. २००० सालापासून प्रदूषणाचे निकष टप्प्याटप्प्याने कडक होत गेले, कार्ब्युरेटर मागे पडला आणि इंधनाचा पुरवठा संगणकाच्या हाती गेला. एप्रिल २०२० मध्ये ‘भारत स्टेज ६’ निकष देशभर लागू झाल्यावर संवेदकांची संख्या आणखी वाढली. आज ऑक्सिजन संवेदकाची किंवा चाकाचा वेग मोजणाऱ्या संवेदकाची एक बारीक तार तुटली, तरी संगणक धोक्याचा दिवा लावतो, इंजिनाची ताकद कमी करतो किंवा ब्रेकची ‘एबीएस’ यंत्रणा बंद ठेवतो. बिघाड शोधण्यासाठी कधी कधी अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. डोंगर पोखरून उंदीर काढण्याची म्हण इथे अक्षरश: खरी ठरते.

नुकसान केवळ पैशांचे नाही

बंद पडलेली गाडी हा या प्रकरणातला सौम्य परिणाम म्हणावा लागेल. आवरण गेलेल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर शॉर्टसर्किट होते. धुराड्याच्या तप्त भागाजवळ सुका पाला, कागद आणि चिंध्या यांचे घरटे असेल, तर ठिणगीचीही गरज उरत नाही. इंधनाची रबरी नळी कुरतडली गेल्यास पेट्रोलची गळती होते आणि शीतकाची नळी फुटल्यास इंजिन तापून निकामी होते.

दुसरा धोका आरोग्याचा. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा उद्रेक २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने अनुभवला आहे. वातानुकूलन यंत्राच्या जाळीवर घरटे झाले असेल, तर तिथली दूषित धूळ थेट प्रवाशांच्या श्वासात येते. म्हणूनच लेंड्या वा घरटे सुक्या झाडूने झाडू नये. हातमोजे आणि मुखपट्टी लावून, जंतुनाशकाने भिजवलेल्या फडक्याने ते पुसून काढावे आणि वातानुकूलन यंत्राची जाळी बदलून घ्यावी. बॉनेटखाली हात घालण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे. विजेवर चालणाऱ्या गाडीतील नारिंगी रंगाच्या जाड वायरी उच्च दाबाच्या असतात. त्यांना कोणत्याही परिस्थितीत स्वत: हात लावू नये.

पहिल्या आठवड्याचा भ्रम

आता बाजारातल्या उपायांविषयी. उंदीर, विशेषत: मोठे उंदीर, कमालीचे संशयी असतात. नेहमीच्या वाटेवर एखादी अनोळखी वस्तू, वास किंवा आवाज आला, की ते काही दिवस तिकडे फिरकत नाहीत. आपले काही बिघडत नाही, अशी खात्री पटली की पुन्हा येतात. तंबाखू असो, डांबरगोळी असो वा फवारा, सुरुवातीच्या यशाचे श्रेय बहुधा त्या पदार्थाला नव्हे, तर त्याच्या नवखेपणाला असते. शिवाय इंजिनाच्या उष्णतेने वास लवकर उडून जातो. डांबरगोळ्यांची वाफ वातानुकूलन यंत्रातून आत येते आणि ती लहान मुलांना विशेष अपायकारक असते. सुकी तंबाखू तप्त भागावर पडली, तर ती पेट घेण्याची भीती वेगळीच.

अल्ट्रासॉनिक यंत्रांची कथा याहून निराळी नाही. अशा यंत्रांच्या ६० हून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना २००१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, आपल्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा असला पाहिजे, अशी तंबी दिली होती. हा ध्वनी अडथळ्यांपलीकडे पोचत नाही आणि इंजिनाच्या दाटीवाटीत अडथळ्यांना तोटा नसतो. उंदीर त्याला सरावतात, ते निराळेच.

विषाचा मार्ग गाडीत तरी टाळावाच. रक्त गोठू न देणारी विषे खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो. तो डॅशबोर्डच्या आत मेला, तर दुर्गंधीने गाडीत बसणे अशक्य होते. मेलेला उंदीर खाणारी मांजरे आणि घुबडेही दगावतात.

मग करावे काय?

* गाडी चालती ठेवावी. दिवसेंदिवस उभी असलेली गाडी हे उंदराच्या दृष्टीने सुरक्षित घर असते. २०२० च्या टाळेबंदीत आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या अनेक गाड्यांची जी दशा झाली, ती याच कारणाने. गावाला जाताना शेजाऱ्याकडे किल्ली देऊन दोन दिवसांआड गाडी थोडी फिरवून आणण्याची व्यवस्था करावी.

* जागा विचारपूर्वक निवडावी. उंदीर भिंतीच्या कडेकडेने चालतात. कचरापेटी, गटार, झुडपे, अडगळ आणि भिंत यांपासून शक्य तितक्या अंतरावर, उजेडात गाडी उभी करावी.

* गाडीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत. आसनाखाली पडलेला बिस्किटाचा चुरा, मागच्या खणातली धान्याची पिशवी, मुलांच्या बाकावरचे चिवड्याचे दाणे ही उंदराला दिलेली आमंत्रणेच होत.

* आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहावे. लेंड्या, पाला, शेंगांची टरफले दिसताच सफाई करावी. जुना वास पुसला जाणे महत्त्वाचे, कारण आधीच्या उंदराच्या मूत्राचा वास पुढच्याला वाट दाखवतो. मात्र पाण्याचा जोरदार फवारा वायरींच्या जोडांवर मारू नये. हे काम सर्व्हिस सेंटरकडून करून घ्यावे.

* जाळी बसवावी. काचेखालून हवा आत येते तो मार्ग आणि एअर फिल्टरची नळी यांवर ६ मिलिमीटरपेक्षा लहान छिद्रांची पोलादी जाळी बसवता येते. हवेचा प्रवाह अडणार नाही, याची काळजी जाणकार कारागीरच घेऊ शकतो. रेडिएटरसमोर फडकी वा पुठ्ठे कोंबणे धोक्याचे आहे.

* वायरींना संरक्षण द्यावे. दुरुस्तीच्या वेळी नव्या वायरींवर धातूच्या विणीचे आवरण घालून घ्यावे. मिरचीचा तिखटपणा ज्यामुळे येतो, त्या कॅप्सेसिनचा लेप असलेली चिकटपट्टी होंडा कंपनीने परदेशात उपलब्ध केली आहे. अशी पट्टी उपयोगी पडू शकते, पण ती मोजक्या वायरींचेच रक्षण करते.

* इशारा ओळखावा. पेट्रोलचा वास आल्यास किल्ली फिरवू नये. ब्रेक पेडल नेहमीपेक्षा मऊ लागल्यास गाडी एक फूटही हलवू नये, ती उचलूनच न्यावी.

विम्याचे गणित

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सक्तीचा असलेला त्रयस्थ पक्ष विमा या नुकसानीची भरपाई देत नाही. सर्वसमावेशक विम्यात उंदरांनी केलेले नुकसान बाह्य कारणाने झालेली अपघाती हानी म्हणून सामान्यत: ग्राह्य धरले जाते. परंतु याच विम्यात नेहमीची झीज आणि विद्युत बिघाड वगळलेले असतात. त्यामुळे पुरावा महत्त्वाचा ठरतो. कुरतडलेल्या वायरी आणि लेंड्यांची छायाचित्रे काढावीत, विमा कंपनीला लगेच कळवावे आणि सर्वेक्षकाने पाहणी करण्यापूर्वी काहीही खोलू नये.

दावा करण्याआधी कागद-पेन्सिल मात्र अवश्य घ्यावी. समजा, बिल १०,००० रुपयांचे आहे आणि त्यातील ६,००० रुपये रबर व प्लॅस्टिकच्या भागांचे आहेत. घसारा माफ करणारे जोड संरक्षण घेतलेले नसेल, तर या भागांवर ५० टक्के म्हणजे ३,००० रुपये कापले जातील. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी १,००० रुपयांची अनिवार्य वजावटही होईल. हाती येतील ६,००० रुपये. दुसरीकडे, सलग दावा न केल्याबद्दल स्वत:च्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात ५० टक्के सवलत मिळत असेल आणि तो मूळ हप्ता १४,००० रुपये असेल, तर दाव्यानंतर पुढच्या वर्षी ७,००० रुपये जादा भरावे लागतील. म्हणजे दावा मंजूर होऊनही नुकसानच! छोट्या दुरुस्तीचा खर्च खिशातून करणे आणि मोठ्या नुकसानीसाठी दावा राखून ठेवणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. उत्पादकाच्या वॉरंटीत प्राण्यांमुळे झालेले नुकसान सहसा बसत नाही, हेही लक्षात घ्यावे.

एकट्याचे काम नव्हे

इतके करूनही एक अडचण उरते. वाहनधारकाने आपली गाडी लखलखीत ठेवली, पण दहा पावलांवर सोसायटीची कचरापेटी उघडी असेल, कबुतरांसाठी रोज धान्य टाकले जात असेल, ओल्या कचऱ्याच्या खताचा खड्डा झाकलेला नसेल आणि वाहनतळात जुनी कपाटे, गाद्या साठवलेल्या असतील, तर उंदीर हटणार नाहीत. मादीची गर्भावस्था जेमतेम तीन आठवड्यांची असते आणि एका वेतात सहा ते बारा पिल्ले होतात. पिंजऱ्यात दोन-चार उंदीर सापडले, तरी अन्न शिल्लक असेल तोवर त्यांची जागा भरून निघते.

मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागाकडे रात्री काठी आणि विजेरी घेऊन हिंडणारे मूषक संहारक आहेत. विभाग कार्यालयाकडे तक्रार केल्यास बिळांत औषध टाकण्याचीही व्यवस्था होते. परंतु त्यांचे काम अन्नाचा पुरवठा तोडल्याखेरीज टिकत नाही. झाकणाच्या कचरापेट्या, रोज वेळेवर उचलला जाणारा कचरा, बुजवलेली बिळे, गटारांवर जाळ्या आणि अडगळमुक्त वाहनतळ या पाच गोष्टी सोसायटीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेता येतील. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी, हा प्रश्न उंदरांना पडला होता. इथे तो माणसांनी स्वत:पुरता सोडवला, तर बॉनेटखालच्या बिनभाड्याच्या भाडेकरूंना जागा खाली करावी लागेल.