एकच विष, माणसं निराळी

श्रोतेहो, क्षयरोगावर आयसोनियाझिड नावाचं औषध देतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ते घेताना एखाद्या रोग्याच्या हातापायांना मुंग्या येतात. शेजारच्या खाटेवरच्याला काहीच होत नाही. औषध तेच, मग असं का व्हावं?

याचा उलगडा १९५० नंतरच्या दशकात झाला. आपल्या यकृतात एक विकर असतं. विकर म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारं द्रव्य. हे विकर औषधाच्या रेणूला एक लहानसा तुकडा जोडतं, आणि औषध निकामी होतं. काही माणसांत हे काम झपाट्यानं होतं, काहींत सावकाश. सावकाश असेल तिथं औषध अंगात रेंगाळतं. हा वेग आईबापांकडून आलेल्या जनुकावर ठरतो. युरोपात सुमारे निम्मी माणसं मंद वेगाची, तर जपानात दहांत एखादं. यात कोणी दुबळा नाही नि कोणी पहिलवान नाही.

आता याच विकराची दुसरी गोष्ट ऐका. कृत्रिम रंगांच्या कारखान्यांतील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे जर्मनीतील फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनी १८९५ साली दाखवलं. पुढे त्यातलं मोठं विष सापडलं. त्याचं नाव २-नॅफ्थिलअमाइन. ते श्वासातून आणि कातडीतून अंगात शिरतं. यकृतातलं विकर त्याला तुकडा जोडू शकलं, तर बरंचसं विष मवाळ होतं. जे उरतं, त्याचं दुसऱ्या वाटेनं अधिक जहाल रूप बनतं. ते लघवीबरोबर मूत्राशयात उतरतं आणि तिथल्या पेशींतील डीएनएला चिकटतं. डीएनए म्हणजे पेशीचं सूचनापत्रच म्हणा ना! त्यातली अक्षरं बिघडली, की पेशी बेसुमार वाढू लागते. हा रोग दिसायला कधी कधी वीस वर्षंही लागतात. तोवर कामगार निवृत्तही झालेला असतो.

इंग्लंडमधील हडर्सफील्ड इथं रंगधंद्यात काम केलेले मूत्राशय-कर्करोगाचे २३ रोगी तपासले, त्याचा वृत्तांत १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्यांतले २२ मंद वेगाचे निघाले! त्या भागातल्या इतर लोकांत मात्र हे प्रमाण निम्म्याहून थोडंच अधिक होतं.

मग कोणी म्हणेल, 'सोपं झालं! रक्त तपासा, मंद माणसांना घरी पाठवा, बाकीच्यांना कामाला लावा.' पण मंडळी, इथंच फसगत आहे. रंगधंद्यातलंच दुसरं विष बेंझिडिन. १९९३ साली चीनमधील बेंझिडिन-कामगारांची पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात मंद माणसांना जास्त धोका आढळला नाही. कारण बेंझिडिनच्या बाबतीत तोच तुकडा जोडणं ही विष जहाल होण्याच्या वाटेवरली पायरी ठरू शकते. म्हणजे एका विषापुढं जे कवच, ते दुसऱ्यापुढं कवच नव्हे.

आणखी एक गोष्ट. ब्रिटनमधल्या एका छोट्या कारखान्यात २-नॅफ्थिलअमाइन ऊर्ध्वपातन करून शुद्ध करण्याचं काम १५ जण करीत. पंधराच्या पंधरांना हा रोग झाला. त्यांच्यात झपाट्याच्या वेगाची माणसं नसतीलच, असं कसं म्हणावं? मात्रा भरमसाट झाली, की जनुकांची ढाल पुरत नाही.

तेव्हा जनुकांतला फरक खरा आहे आणि अभ्यासाच्या कामी तो मोलाचा आहे. पण त्याच्या आधारे 'तुझं शरीरच तसं' म्हणून आजाऱ्याच्या माथी दोष मारता येत नाही, आणि 'तुला काही होणार नाही' असं वचनही कोणाला देता येत नाही. ब्रिटननं १९६७ साली ही दोन्ही रसायनं वापरण्यास मनाई केली, ती सगळ्यांसाठीच.

शिक्षकबंधू-भगिनींनी मुलांना एवढंच सांगावं: विहिरीत विष पडलं, तर आधी कोणाला बाधेल याची यादी करीत बसायचं नसतं, आधी विहीर उपसायची असते.