शेअर्स घेतले म्हणजे फ्लॅट आपला झाला का?

मुंबईत जुन्या इमारतीतला फ्लॅट बघायला गेलं की कधीकधी एजंट खरेदीखताऐवजी शेअर सर्टिफिकेट पुढे करतो. सोसायटीचं नव्हे, कंपनीचं. जमीन आणि इमारत एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर असते. अमुक नंबरचे शेअर्स ज्याच्याकडे, अमुक फ्लॅट वापरायचा हक्क त्याच्याकडे. मुलांच्या नोकरीसाठी बेळगाव, वडोदरा किंवा इंदूरहून मुंबईत घर शोधणाऱ्यांना हा प्रकार नवखा वाटतो.

पद्धत बेकायदा नाही. महाराष्ट्राच्या 1963 च्या ओनरशिप फ्लॅट्स कायद्यात बिल्डरने फ्लॅटधारकांची सहकारी सोसायटी किंवा कंपनी स्थापन करावी, असं म्हटलं आहे. कर्नाटकच्या 1972 च्या कायद्यातही हे दोन्ही मार्ग आहेत.

मालक कोण?

मालक कंपनी. भागधारक हा कंपनीच्या मालमत्तेचा मालक नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्येच बाचा गझदर प्रकरणात स्पष्ट केलं. तो वाद चहा कंपनीच्या लाभांशावरच्या कराचा होता, पण तत्त्व इथेही लागू पडतं. करापुरती गोष्ट वेगळी: गृहबांधणी योजनेत कंपनीने ज्याला जागा दिली त्यालाच मालक धरायचं, अशी तरतूद 1961 च्या आयकर कायद्यात केलेली होती.

म्हणून खरा धोका कंपनीच्या कर्जाचा. संचालकांनी इमारत तारण ठेवून कर्ज काढलं आणि ते थकलं, तर स्वतःचे पैसे वेळेवर भरणाराही अडकतो. शिवाय फ्लॅट कंपनीचा असल्यामुळे भागधारक तो स्वतःच्या नावाने गहाण ठेवू शकत नाही. गृहकर्ज काढायचं असेल तर टोकन देण्याआधीच बँकेला विचारलेलं बरं.

स्टँप ड्युटी खरंच वाचते?

एजंटचा ठरलेला मुद्दा हाच. 1 जुलै 2020 पासून शेअर हस्तांतरणावर 0.015 टक्के ड्युटी आहे, म्हणजे 1 कोटीच्या व्यवहाराला 1,500 रुपये. नोंदणी कायद्यानुसार कंपनीच्या शेअर्सच्या दस्ताची नोंदणीही सक्तीची नाही. पण 2000 साली हनुमान व्हिटॅमिन फूड्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सोसायटीच्या शेअर्ससोबत जागेचा ताबा देणारा दस्त हा जागेचंच हस्तांतरण मानला आणि त्यावर स्टँप ड्युटी लागू ठरवली. तो निकाल सोसायटीबद्दलचा असला तरी ‘ड्युटी वाचली’ म्हणत निश्चिंत राहणं महागात पडू शकतं. वकिलाचं मत लेखी घ्यावं.

सही करण्याआधी काय बघायचं?

पहिलं, कंपनीची नियमावली, म्हणजे आर्टिकल्स ऑफ असोसिएशन. कोणत्या शेअर्सना कोणता फ्लॅट, भाड्याने देता येतो का, हे त्यात लिहिलेलं हवं. प्रायव्हेट कंपनीत शेअर्स विकण्यावर निर्बंध असतातच, त्यामुळे संचालक मंडळाची संमती आधी घ्यावी.

दुसरं, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचा तपशील. ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्रं भरली आहेत का, मालमत्तेवर बोजा आहे का, हे तिथे कळतं. वर्षानुवर्षं विवरणपत्रं न भरणाऱ्या कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढलं जाऊ शकतं. मग भागधारकांना नॅशनल कंपनी लॉ ट्रिब्युनलच्या चकरा माराव्या लागतात.

तिसरं, हस्तांतरणाचा एसएच-4 फॉर्म. शेअर्स कागदी असतील तर सह्या झाल्यापासून 60 दिवसांत तो सर्टिफिकेटसह कंपनीकडे द्यावा लागतो. पैसे दिले पण कंपनीच्या सभासद रजिस्टरमध्ये नाव चढलं नाही, तर कंपनीच्या लेखी भागधारक जुनाच राहतो.

चौथं, विकणारा वारस असेल तर नुसत्या नॉमिनेशनवर विसंबू नये. नॉमिनी शेअर्सचा अंतिम मालक ठरत नाही, वारसाहक्क कायम राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं आहे. सगळ्या वारसांच्या सह्या हव्यातच.

सोसायटीत तंटा झाला तर उपनिबंधक आणि सहकार न्यायालय आहे. इथे कंपनी कायदा लागतो, आणि त्याचा खर्च फ्लॅटच्या किमतीत कुणी धरलेला नसतो.