तालमीचं बेणं

सभासद बंधूंनो, ऊसनोंदीसाठी चाळीसगाव तालुक्यात फिरताना आम्ही गावोगावच्या तालमीही पाहतो. बऱ्याच ठिकाणी दार बंद, हौद्यातली माती दगडासारखी, कोपऱ्यात खताच्या रिकाम्या गोण्या. विचारलं तर उत्तर एकच, "वस्ताद गेले, आता शिकवणार कोण?" पोरं मग कोरियाचा तायक्वांदो शिकायला शहर गाठतात. शिकोत बापडी, त्यात वाईट काही नाही.

अशा वेळी आम्हाला अमरावतीचे वैद्य बंधू आठवतात. अंबादासपंत व अनंतराव या भावांनी 1914 साली आखाडा काढला, त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, सारे तिथे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिकडे जाऊन आपला हुतूतू खेळून दाखवला! पुढे प्रभाकरराव वैद्यांनी धुरा वाहिली. 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आम्हाला खरी गोम दुसरीच वाटते. वैद्यांनी नुसते पहिलवान नव्हे, शिक्षक घडवले. उन्हाळी वर्ग भरवून बाहेरगावच्या तरुणांना शिकवायचं कसं ते शिकवलं. आपण बेणेमळा वेगळा राखतो, तसंच हे. सगळाच ऊस गाळपाला घातला तर लागणीला टिपरी आणायची कुठून? आमच्या गावच्या वस्तादांनी पोरं पुष्कळ तयार केली, पण आपल्यामागं हौद्यात उभा राहील असा एक नाही.

बारावी झालेला, अंगानं तयार पोरगा घरी असेल तर मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाची चौकशी जरूर करा. चाळीसगावहून रेल्वेनं बडनेरा, तिथून अमरावती हाकेवर आहे.