बोर्ड उलटा करून दाखवा

घरी बनवलेल्या सर्किटचा फोटो कुणी पाठवला की माझं उत्तर ठरलेलं असतं : "छान झालंय. आता बोर्ड उलटा करून एक फोटो काढ." वरच्या बाजूला सगळे पार्ट शिस्तीत उभे असतात, एलईडी लुकलुकत असतात, डिस्प्लेवर आकडे झळकत असतात. जोडकाम मात्र खालच्या बाजूला असतं. सोल्डर कुठे नीट पसरलंय, कुठे नुसतंच गोळा होऊन बसलंय, कुठली वायर ऐनवेळी आडवी टाकावी लागली, ते तिथे कळतं. बनवणाऱ्याने कसा विचार केला, हेही तिथेच वाचता येतं.

मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये शिकवते. बॅच पास होऊन गेली तरी मुलं-मुली फोटो पाठवत राहतात. कुणी कारखान्यात मेंटेनन्सला असतं, कुणी मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलेलं असतं. हल्ली त्यांच्या ओळखीने इलेक्ट्रॉनिक्स कधीच न शिकलेली माणसंही येतात. बँकेतून निवृत्त झालेले एक काका अंगणातल्या झाडांना पाणी सोडणारं यंत्र करतात. शिवणकाम करणाऱ्या एक ताई दिवाळीच्या आकाशकंदिलात रंग बदलणारे दिवे बसवतात. हा छंद आता पदवीवाल्यांपुरता राहिलेला नाही. त्याचं बरंचसं शिक्षण एकमेकांचे फोटो पाहूनच होतं. म्हणून ते फोटो कसे पाहायचे आणि कसे काढायचे, हे मला सांगायचं आहे.

आधी अशी यंत्रं चालवणाऱ्या चिपबद्दल. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेला छोटा पण पुरा संगणक. हिशेब करणारा प्रोसेसर, प्रोग्राम साठवायची मेमरी, चालू कामापुरती मेमरी आणि बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या पिना, सगळं आत. वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, रिमोट, गाडीचं इंजिन, सगळीकडे तो असतो. छंदवाल्यांची लाडकी चिप म्हणजे एटीमेगा ३२८. तिला २८ पिना असतात. प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट आणि चालू कामासाठी अवघे २ किलोबाइट जागा असते. हा लेख युनिकोडमध्ये साठवला तर तोच त्या ३२ किलोबाइटमधली बहुतेक जागा खाऊन टाकेल. तरी तेवढ्या जागेत पाण्याची टाकी सांभाळता येते, अंड्यांच्या उबवणी पेटीचं तापमान राखता येतं, शाळेची घंटा वेळेवर वाजवता येते. पिनेवर व्होल्टेज आहे की नाही हे बघायचं, ठरवायचं आणि दुसऱ्या पिनेवर व्होल्टेज द्यायचं किंवा काढायचं : सगळा खेळ एवढाच.

हे तंत्र घराघरांत पोचायला वेळ लागला. इंटेलची ८०५१ ही चिप १९८० साली आली आणि आपल्याकडे डिप्लोमाच्या पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर शिकल्या. त्या काळच्या काही चिपांवर काचेची छोटी खिडकी असायची. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलायची तरी चिप काढून अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, जुना प्रोग्राम पुसायचा आणि मग नवा भरायचा. त्यासाठी प्रोग्रामर नावाचं वेगळं यंत्र लागायचं आणि ते लॅबमध्येच असायचं. पुढे विजेनेच पुसता येणारी फ्लॅश मेमरी आली. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून घडलेली एव्हीआर चिप ॲटमेल कंपनीने १९९०च्या दशकात बाजारात आणली. ती सर्किटवर बसलेली असतानाच पुन्हा पुन्हा प्रोग्राम करता येऊ लागली.

खरं दार उघडलं ते २००५ साली, इटलीतल्या इव्रेया गावात. तिथल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांना स्वस्त आणि सोपा बोर्ड हवा होता. मासिमो बांझी, डेव्हिड क्वार्टिएयेस, टॉम आयगो, जानलुका मार्टिनो आणि डेव्हिड मेलिस यांनी 'आर्दुइनो' उभा केला. त्याआधी तिथेच एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने 'वायरिंग' नावाचा बोर्ड केला होता, पाया त्याचा. आर्दुइनोचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. कुणीही तसा बोर्ड बनवावा, विकावा. फक्त नाव वापरू नये. त्यामुळेच पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तशा धाटणीचा बोर्ड शाळकरी मुलाच्या ऐपतीत मिळतो. पुढे २०१४ साली ईएसपी ८२६६ ही वायफायवाली चिप आली आणि टाकीतलं पाणी मोबाइलवर दिसू लागलं.

आता एक फोटो जवळून पाहू. कराडजवळच्या एका मुलाने घराच्या टाकीसाठी कंट्रोलर केला होता. टाकी भरली की मोटर बंद, रिकामी झाली की चालू. त्याने आर्दुइनोचा तयार बोर्ड न वापरता झिरो पीसीबीवर, म्हणजे सारख्या अंतरावर भोकं असलेल्या कोऱ्या बोर्डवर, नुसती चिप बसवली होती. चिपसाठी आयसी बेस लावला होता. चिप जळली तर सोल्डर न काढता बदलता येते. शेजारी १६ मेगाहर्ट्झचा चंदेरी क्रिस्टल आणि त्याच्या पायांशी २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर. हे तिघं मिळून चिपला ताल देतात. सप्लायच्या पिनांना अगदी खेटून '१०४' लिहिलेला एक चपटा कपॅसिटर होता. १०४ म्हणजे १० पुढे चार शून्यं, इतके पिकोफॅरड, म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड. चिप करंट सारखा ओढत नाही, झटक्याझटक्याने ओढते. नळाची धार बारीक असली तरी शेजारी भरलेला हंडा असला की काम अडत नाही, तसं हा कपॅसिटर करतो. तो नसेल किंवा लांब असेल, तर चिप कधीतरी विनाकारण रीसेट होते आणि माणूस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. हे पुस्तकात एका ओळीत असतं. फोटोत तो कपॅसिटर पिनेपासून किती जवळ आहे ते दिसतं आणि डोक्यात पक्कं बसतं.

मग त्याने बोर्ड उलटा केला. बहुतेक जोड चकचकीत आणि पायाभोवती उतरत गेलेले होते. बाजारात मिळणारं ६०/४० कथील-शिशाचं सोल्डर १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं. पाय आणि पीसीबीचं तांबं दोन्ही तापले असतील, तरच ते असं पसरतं. एके ठिकाणी मात्र मळकट गोळी होती : ड्राय सोल्डर. तो जोड आज चालतो आणि उद्या मोटरच्या थरथरीने सुटतो. त्याहून मोठी गोष्ट मोटर चालू-बंद करणाऱ्या रिलेपाशी होती. २३० व्होल्टची वायर ५ व्होल्टच्या जोडांना जवळजवळ टेकलेली होती. मी लगेच कळवलं : "आधी मेन बंद कर, मग बोलू." झिरो पीसीबीवरची भोकं एकमेकांपासून २.५४ मिलिमीटरवर असतात. मेनच्या विजेला एवढं अंतर पुरत नाही. मधले तांब्याचे ठिपके खरवडून निदान सहा-आठ मिलिमीटर मोकळे ठेवायला हवेत. शिवाय निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असलं, तरी मोटर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढते आणि रिलेचे पॉइंट चिकटून बसतात. मग पाणी भरलं तरी मोटर थांबत नाही. म्हणून रिलेने जड करंट पेलणारा कॉन्टॅक्टर ओढावा आणि कॉन्टॅक्टरने मोटर. त्याने तसं केलं आणि नवा फोटो पाठवला. खालची बाजू दाखवली नसती, तर हे कुणालाच कळलं नसतं.

काही महिन्यांनी त्याचा आणखी एक फोटो आला. पाण्याची पातळी ओळखायला टाकीत सोडलेल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडून टोकाशी झिजल्या होत्या. पाण्यातून डीसी करंट सतत वाहत राहिला की एका टोकाचा धातू विरघळत जातो. हे विद्युत अपघटन. त्याने तांब्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या कांड्या लावल्या. प्रोग्रामही बदलला : कांडीला कायम व्होल्टेज द्यायचं नाही, दर काही सेकंदांनी पिन क्षणभर चालू करायची, पाणी आहे का ते वाचायचं आणि लगेच बंद करायची. त्याने पाठवलेल्या सगळ्या फोटोंत दिसायला वाईट असा हाच होता आणि सगळ्यांच्या जास्त उपयोगी पडला तोही हाच. तो पाहून इतरांनी आपापल्या टाक्यांतल्या तारा तपासल्या. काम करणारं यंत्र दाखवायला सगळेच तयार असतात. वापरून झिजलेलं, दुरुस्त केलेलं यंत्र दाखवायला मन मोठं लागतं, आणि मला त्या मुलाचा त्यासाठी अभिमान वाटतो.

फोटो उपयोगी पडायचा असेल तर फ्लॅश बंद ठेवा. सोल्डरवरून तो परततो आणि जोड दिसत नाहीत. खिडकीजवळचा उजेड उत्तम. चिपवरचा नंबर पुसट असेल तर त्यावर खडू घासा, अक्षरं उठून दिसतात. प्लससाठी लाल आणि ग्राउंडसाठी काळी वायर वापरली, तर पाहणाऱ्याला न विचारता निम्मं सर्किट समजतं. सोबत कागदावर हाताने काढलेलं सर्किट असू द्या. प्रोग्राम मात्र फोटो काढून पाठवू नका, मजकूर म्हणूनच पाठवा. दुसऱ्याला तो टाइप करायला लावला की चुका होतात. आणि सप्लाय किती व्होल्टचा ते लिहा. ईएसपीची चिप ३.३ व्होल्टवर चालते. आर्दुइनोचं ५ व्होल्टचं सर्किट पाहून कुणी तिला तसंच जोडलं, तर चिप हकनाक जाते.

असं उघडं करून दाखवण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. १९६९ साली सुरू झालेल्या 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' मासिकात सर्किटसोबत लेखकाने स्वतः बनवलेल्या नमुन्याचे फोटो छापून येत, आणि ते अंक छोट्या गावांतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांतही जपून ठेवलेले असत. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं आणि त्या कामाचा गावाला उपयोग व्हायला हवा, ही त्यांची धारणा. एमआयटीतले नील गेर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने २००२ मध्ये तिथे उभी राहिलेली फॅब लॅब, म्हणजे यंत्रांवर वस्तू स्वतः घडवायची कार्यशाळा, ही जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. एवढा वारसा असताना आपण सर्किट झाकून ठेवू नये.

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून शाळांना टिंकरिंग लॅब मिळू लागल्या. सहावी ते बारावीची मुलं तिथे मायक्रोकंट्रोलर हाताळतात. पण किट मोजकीच असतात, त्यामुळे प्रदर्शन संपलं की प्रकल्प मोडून सुटे भाग पुढच्या तुकडीला द्यावे लागतात. त्याला इलाज नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे की मोडण्याआधीचा अर्धा तास तासिकेतच धरावा. मुलांनी दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, सर्किट काढावं, प्रोग्राम जपावा आणि काय चाललं, काय बिघडलं, ते मराठीत दहा ओळींत लिहावं. मग हे सगळं शेजारच्या, जिथे लॅब नाही अशा शाळेला पाठवून द्यावं. तिथल्या मुलीला त्यावरून तेच सर्किट स्वतः बनवता आलं, तर त्या किटवरचा खर्च सार्थकी लागला असं मी मानेन.